पिशवी घेऊन पेठेंत

पुण्यामुंबईकडील पाहुणेमंडळी आमच्या भागांत आली, म्हणजे दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतां घेतां त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "येथें पाहण्यासारखें काय काय आहे?" यजमान बोटांवर मोजूं लागतो. सातारचा असेल तर अजिंक्यतारा, चार भिंती, कासचें पठार. सांगलीचा असेल तर गणपतीचें देऊळ, आयर्विन पूल, हरिपूरचा संगम. दोन प्रहरपर्यंत यादी संपते, छायाचित्रें निघतात आणि गांव पाहिल्याच्या समाधानांत पाहुणे गाडींत बसतात. वास्तविक त्यांनीं गांवाचे दागिने पाहिलेले असतात. गांव पाहिलेलें नसतें. गांव पाहावयाचें असेल, तर हातांत कापडी पिशवी घ्यावी, खिशांत थोडे सुटे पैसे ठेवावे आणि जुन्या पेठेंत शिरावें, असें माझें मत आहे. तेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

हें मत मीं पुस्तकांतून काढलेलें नाहीं. प्राथमिक शाळेंतील नोकरीचीं पस्तीस वर्षें मीं कांहीं सातारकडे व कांहीं सांगलीकडे काढलीं. मुलांकडून सनावळ्या पाठ करवून घेतल्या. त्या बहुतेकांनीं परीक्षा होतांच मला साभार परत केल्या. परंतु ज्या मुलांना घेऊन मी पेठेंतून हिंडलों, कोणतें दुकान कोठें आहे आणि तेथेंच कां आहे हें ज्यांना दाखविलें, तीं मुलें आतां मोठीं होऊन भेटलीं म्हणजे नेमकी तीच आठवण काढतात.

प्रथम साताऱ्यास जाऊं. हें शहर राजानें वसविलेलें आहे, हें त्यांतून चालूं लागतांच कळतें. शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक १७०८ सालीं साताऱ्याच्या किल्ल्यावर झाला आणि पुढें किल्ल्याखालच्या उतारावर शाहूनगर वसलें. मंगळवार, शुक्रवार, शनिवार अशीं कांहीं पेठांना वारांचीं नांवें, तर यादोगोपाळासारखीं कांहींना माणसांचीं. सारें गांव उतरणीवर असल्यामुळें जातांना सुख आणि येतांना धाप, असा येथील पेठांचा स्वभाव आहे. प्रतापसिंह महाराजांच्या कारकीर्दींत उभा राहिलेला जुना राजवाडा हें या पेठांचें नाक. याच वाड्यांत पुढें सरकारी हायस्कूल भरूं लागलें, आणि ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं त्या शाळेच्या दाखल-पुस्तकांत १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर या मुलाचें नांव लिहिलें गेलें. हा दिवस आतां महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मी शाळामास्तर असल्यामुळें मला या वाड्यांतील सिंहासनापेक्षां त्या हजेरी-दाखल्यांचें कौतुक अधिक वाटतें, याबद्दल इतिहासप्रेमी मंडळींनीं राग मानूं नये.

इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांना १८३९ सालीं पदच्युत केलें आणि त्यांचे बंधु आप्पासाहेब महाराज १८४८ सालीं वारल्यावर राज्य खालसा केलें. दरबार गेला, मानकऱ्यांचे मान गेले, हत्तीघोडे गेले. पेठ मात्र राहिली. कारण गिऱ्हाईक गेलें नाहीं. कचेऱ्या होत्या, शाळा होत्या, खेड्यांतून बाजाराला येणारा शेतकरी होता. ही गोष्ट मनांत ठेवावी, पुढें ती उपयोगीं पडेल.

राजवाड्यावरून मोती चौकाकडे निघालें कीं भाजलेल्या खव्याचा वास येतो. येथें पिशवी प्रथम उघडावी. सातारचा कंदी पेढा पांढराफटक नसतो. खवा चांगला खरपूस भाजलेला, साखर बेताची, रंग बदामी. गोरे साहेब या पेढ्याला आपल्या भाषेंत कँडी म्हणत, त्याचें कंदी झालें, अशी एक व्युत्पत्ति लोक सांगतात. व्युत्पत्ति पटो वा न पटो, पेढा पटतो. घेतांना एक मोडून पाहावा. बोटांना चिकटला तर पुढच्या दुकानीं जावें. दुकानदार रागावत नाहींत. त्यांनाही जाणतें गिऱ्हाईक हवें असतें.

आतां साताऱ्याहून सांगलीस जावयाचें. मोटारीनें हें अंतर सुमारें सव्वाशे किलोमीटर आहे. परंतु मी आपल्याला नदीच्या वाटेनें नेतों, कारण त्यावांचून सांगलीची पेठ कळणार नाहीं. साताऱ्याच्या पूर्वेस माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते. कऱ्हाडास कोयना समोरून येऊन भेटते. सांगलीच्या खालीं हरिपुरास वारणा येते. म्हणजे महाबळेश्वरपासून पडलेला पाऊस सातारा जिल्ह्यांतून वाहत वाहत शेवटीं सांगलीच्या दारांत येतो. दोन्ही जिल्हे पूर्वीं एकच होते. १९४९ सालीं त्यांची वाटणी झाली, तेव्हां या भागाला 'दक्षिण सातारा' हें नांव मिळालें आणि १९६० सालीं त्याचा सांगली जिल्हा झाला. कागदावर वाटणी झाली, तरी नदीला ती कोणी कळविली नाहीं.

साताऱ्याला पाठीशीं डोंगर आहे, सांगलीच्या पायाशीं पाणी आहे. दोन्ही गांवांच्या स्वभावांतला फरक येथूनच सुरू होतो. पटवर्धनांचें ठाणें मिरजेला होतें. चुलत्या-पुतण्यांचें जमेना, तेव्हां १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब आपला वांटा घेऊन कृष्णाकाठच्या या लहानशा गांवीं आले. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, असें गांवकरी हंसत हंसत सांगतात. अशा गांवाची राजधानी करावयाची, तर तेथें देव पाहिजे आणि बाजार पाहिजे. आप्पासाहेबांनीं दोन्ही एकमेकांच्या शेजारीं बसविले. नदीकाठीं काळ्या दगडाचें गणपति-मंदिर बांधावयास घेतलें, त्याचें काम सुमारें तीस वर्षें चाललें आणि १८४४ च्या सुमारास तें पुरें झालें. मध्यें गणपति आणि सभोंवतीं सूर्यनारायण, लक्ष्मीनारायण, चिंतामणेश्वर व चिंतामणेश्वरी असें हें पंचायतन आहे. भाद्रपदांत चतुर्थीच्या आधींच, प्रतिपदेला, येथें गाजावाजा न करतां एक गणपति बसतो. त्याला सांगलीकर प्रेमानें चोर गणपति म्हणतात.

देवळांतून बाहेर पडलें कीं आपण गणपती पेठेच्या तोंडाशीं असतों. येथें घाईनें चालण्यांत अर्थ नाहीं. किराणा, मसाले, बेदाणे, गूळ, शाळू, हळद. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर पोत्यांचीं तोंडें उघडून ठेवलेलीं. नाकानेंच ओळखावें, आपण कोणत्या दुकानासमोर आलों तें. या पेठेचा खरा मान हळदीचा. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें, बेदाण्यालाही तें मिळालेलें आहे. पण ही सरकारी मोहोर उमटण्याच्या फार आधींपासून देशभरचे व्यापारी सांगलीच्या भावाकडे कान लावून बसत. हळदीचे मोठे सौदे आतां मार्केट यार्डांत निघतात. घरगुती गिऱ्हाइकानें मात्र पेठेंतच घ्यावी.

हळद कशी घ्यावी, हें थोडें सांगतों. कारण आजकाल शहरांतील घरांत ती पुडींतून येते आणि हळकुंड केवळ लग्नांत दिसतें. शेतांतून काढलेला ओला कंद प्रथम शिजवितात, मग पंधरा दिवसपर्यंत उन्हांत वाळवितात, नंतर घासून त्याची साल काढतात. शिजविल्यामुळें रंग आंतपर्यंत सारखा पसरतो आणि कंदाला पुन्हां कोंब येत नाहीं. चांगलें हळकुंड हाताला जड लागतें, दोन हळकुंडें एकमेकांवर आपटलीं तर टणक आवाज येतो आणि मोडल्यावर आंतला रंग नारिंगीकडे झुकलेला दिसतो. वरच्या पिवळ्या रंगावर भुलूं नये. वरचा रंग चोळतांही येतो.

आणि ही हळद सांठवीत कोठें? तें पाहावयाला दोनतीन मैलांवरच्या हरिपुरास गेलें पाहिजे. तेथील माती इतकी चिवट आहे कीं, दोन-तीन पुरुष खोल खड्डा खणला तरी कडा ढांसळत नाहींत. तोंड अरुंद आणि पोट मोठें अशा या खड्ड्याला पेव म्हणतात. त्यांत हळद भरून तोंड बंद केलें म्हणजे आंत हवा खेळत नाहीं, त्यामुळें कीड जगत नाहीं, आणि माल वर्षानुवर्षें जसाच्या तसा राहतो. पेव उघडल्याबरोबर त्यांत माणूस उतरत नाहीं. प्रथम आंत मोकळी हवा जाऊं देतात, नाहीं तर जीव गुदमरतो. यंत्रावांचून, विजेवांचून, केवळ मातीचा गुण ओळखून केलेली ही कोठारें पाहिलीं म्हणजे आपल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणाराची कींव येते. २००५ च्या महापुरानें यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरलें आणि फार मोठें नुकसान झालें. तेव्हांपासून व्यापाऱ्यांचा ओढा गोदामांकडे वळला. याच हरिपुराला गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म झाला, हेंही जातां जातां सांगून ठेवतों.

नाटकाचा विषय निघालाच आहे, तर एवढें सांगितलें पाहिजे कीं मराठी रंगभूमीचा पाळणा याच पेठांच्या शेजारीं हालला. चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं 'सीतास्वयंवर' केलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, वि. स. खांडेकर जन्मानें सांगलीचे. हें सर्व पाठ्यपुस्तकांत आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

खाण्याचें पाहूं. सांगलींत भडंग खाल्ल्यावांचून परत येणें म्हणजे पंढरीस जाऊन विठोबा न पाहणें होय. भडंगाचें साहित्य गरिबाचें : चिरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीलिंब, तिखट, मीठ आणि तेल. पण चिरमुरा कुरकुरीत हवा, लसूण करपतां कामा नये आणि तिखट तेलांत नेमक्या वेळीं पडलें पाहिजे. मुंबईची भेळ हा जेवणाआधींचा खेळ आहे. भडंग हें प्रवासाचें, अभ्यासाचें आणि गप्पांचें खाणें आहे. हिवाळ्यांत आलांत, तर मंडईंत कृष्णाकाठचीं वांगीं शोधा. गाळाच्या जमिनीचा गुण त्यांत उतरलेला असतो. भरून करा, भाजून भरीत करा, बरोबर शाळूची भाकरी. हीं वांगीं विकणाऱ्या मावशीला "कृष्णाकाठचींच ना?" असें विचारलेंत, तर ती "मग काय पंचगंगेचीं आणूं?" असें उत्तर देते. तो बाजाराचा भाग आहे, मनास लावून घेऊं नये.

पेठ ओलांडून हरभट रोडला लागावें. हरभट हे पटवर्धन घराण्याचे मूळपुरुष. कोंकणांतून वर आलेले. तेथून मारुती रोड, सराफ कट्टा. कापड, भांडीं, सोनें. पुढें पुण्यांत गाजलेलें गाडगीळ सराफांचें नांव प्रथम सांगलींत, १८३२ सालीं, दुकानावर लागलें. सराफ कट्ट्यावर खरेदी करावयास मजपाशीं पैसे नाहींत, त्यामुळें तेथील अनुभव सांगतां येत नाहीं.

श्रोतेहो, येथवर सर्व गोड झालें. आतां ज्या गोष्टीसाठीं हा विषय मीं घेतला, तिच्याकडे वळतों.

आयर्विन पूल १९२९ सालीं खुला झाला. सुंदर दगडी पूल आहे. पण सांगलीकर त्याच्याकडे सौंदर्य म्हणून पाहत नाहींत, फूटपट्टी म्हणून पाहतात. पावसाळ्यांत घरोघरीं एकच चौकशी : "पुलापाशीं किती झालें?" चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्यें तेथील पाणी सत्तावन फुटांच्या वर गेलें. गावभाग, गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड सारे पाण्यांत. २००५ मध्यें तोच अनुभव आला होता आणि २०२१ च्या जुलैंत तो पुन्हां आला. धरणांतून किती पाणी सोडलें, खालच्या धरणाचा फुगवटा किती, नदीच्या पात्रांत कोणीं किती भराव घातला, यावर तज्ज्ञांचे वाद चालूं आहेत. मला त्यांत पडावयाचें नाहीं. मी दुकानाच्या भिंतीबद्दल बोलणार आहें.

माझा एक जुना विद्यार्थी या पेठेंत किराण्याचें दुकान चालवितो. आजोबांपासूनचें दुकान. त्याच्या भिंतीवर पेन्सिलीनें ओढलेल्या तीन रेघा आहेत, प्रत्येकीपुढें साल. मधलें साल सर्वांत वर, माझ्या डोक्याच्याही वर. परवां हळकुंडें घेण्यास गेलों असतां मीं सहज विचारलें, "काय रे, ही भिंत रंगविणार आहेस कीं नाहींस?"

तो म्हणाला, "गुरुजी, रंगवून काय करायचं? पोरगं म्हणतंय, विश्रामबागेला गाळा घेऊ. तिकडं पाणी येत नाही, गाडी लावायला जागा आहे. तुमचं काय म्हणणं?"

"आणि तुझें काय म्हणणें आहे?"

"पुरानं दुकान वर्षा-दोन वर्षांनी एकदा बुडतंय. ते आम्ही धुऊन घेतो, पुन्हा मांडतो. पण पूर ओसरला तरी गिऱ्हाईक माघारी येत नाही, त्याचं काय करायचं सांगा. माणसं देवळात येतात, बाहेर उभी राहून फोटो काढतात, आणि किराणा घरपोच मागवतात."

मीं त्याला उत्तर दिलें नाहीं. "तूं येथेंच राहा" असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. पाणी त्याच्या दुकानांत शिरतें, माझें घर उंचावर आहे. परंपरा, वारसा असे मोठे शब्द दुसऱ्याच्या नुकसानीवर उभे राहून उच्चारूं नयेत, एवढें मला कळतें. त्यानें जावयाचें ठरविलें तर मी त्याला दोष देणार नाहीं.

परंतु तो गेला तर काय जाईल, हें मी आपल्याला सांगूं शकतों. लग्नघरच्या बायका त्याच्या दुकानीं येतात आणि "घाणा भरायचा आहे, दोनशे पानांचं कार्य आहे" एवढेंच सांगतात. हळकुंडें किती, सुपाऱ्या किती, खोबऱ्याच्या वाट्या किती, हें तो तोंडपाठ सांगतो आणि "उरलं तर परत आणा वहिनी" असेंही बजावतो. गोड्या मसाल्याचें साहित्य घराण्याघराण्यांप्रमाणें वेगळें बांधून देतो. दगडफूल कोणाला चालतें, कोणाला नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. महिनाअखेरीस तोंडावर नकार न देतां वहींत मांडून ठेवतो. ही विद्या कोणत्या पुस्तकांत नाहीं, आणि नव्या गाळ्यांत ती त्याच्याबरोबर जाईलच असें नाहीं. कारण ती एकट्या दुकानदाराची नसते, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचीही असते. देऊळ दगडाचें आहे, पुरानंतर धुतलें कीं उभें असतें. पेठेचें तसें नाहीं. साताऱ्याचा दरबार गेल्यावर पेठ राहिली ती गिऱ्हाइकामुळें, हें मघाशीं सांगितलें. सांगलींत आज संस्थानहि नाहीं. ८ मार्च १९४८ रोजीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. पेठेला राजाश्रय देणारे आतां आपणच.

म्हणून पाहुण्यांना माझी सूचना अगदीं व्यवहाराची आहे. सकाळीं लवकर निघा. प्रथम माई घाटावर जा, पाणी पाहा, मग देवदर्शन, मग पेठ. उलट क्रमानें गेलांत तर पिशवी घेऊन देवळांत फिरावें लागेल. गाडी दूर ठेवा, पेठेंत ती आणूं नका. एकाच दुकानांतून सर्व न घेतां तीनचार ठिकाणीं थोडें थोडें घ्या. गूळ एकीकडे, बेदाणे दुसरीकडे, भडंग तिसरीकडे. त्या निमित्तानें तीनचार माणसांशीं बोलणें होतें. भाव करा, पण शेवटच्या रुपयापर्यंत ताणूं नका. नवी हळद फाल्गुन-चैत्राच्या सुमारास बाजारांत भरपूर असते, बेदाणाही त्याच सुमारास नवा येतो; तो हंगाम धरा. पावसाळ्यांत यावयाचें झाल्यास होड्यांच्या शर्यती पाहावयास मिळतील, मात्र आधीं पुलापाशीं पाणी किती आहे तें विचारून या. आणि हळकुंडें घेतलींत तर तीं सांगलींतच डंकावर कुटून न्या. घरच्या मिक्सरांत घातलींत, तर हळद राहील तशीच आणि पातें मात्र नवें घ्यावें लागेल.